‘सूक्ष्म अन्नद्रव्य’ की ‘लेश मूलद्रव्य’?

प्रश्न (देवगड): हापूसच्या पानांचा आयसीपी-एमएसवरचा (मूलद्रव्यं अगदी थोड्या प्रमाणातही मोजणारं यंत्र) अहवाल बागायतदारांना मराठीतून द्यायचा आहे. जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम या सगळ्यांना मिळून ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर (दापोली): नको. झाडाला जे लागतं ते अन्नद्रव्य: जस्त, तांबे, लोह, मंगल (मँगनीज), बोरॉन, मॉलिब्डेनम. शिसे-कॅडमियमला अन्नद्रव्य म्हटलंत, तर अहवालात आकडा कमी दिसताच बागायतदार विचारेल, ‘किती घालू?’ सगळ्यांना मिळून ‘लेश मूलद्रव्ये’ लिहा. लेश म्हणजे अगदी थोडं. उपयोगी की घातक, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही.

उत्तर (वेंगुर्ले): त्याहून मोठी चूक ‘पानातील’ या शब्दात होते. आपल्याकडे पानावर जांभ्याची लाल धूळ बसलेली असते आणि तिच्यात लोह, अ‍ॅल्युमिनियम भरपूर. न धुतलेल्या पानाचं लोह हे ‘पानावरचं’ लोह. आधी साधं पाणी, मग 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, मग विआयनित (क्षार काढून टाकलेलं) पाणी दोनदा. सगळं झटपट, कारण भिजत ठेवलं तर पोटॅशियम, बोरॉन पाण्यात उतरतं. धुऊनही टायटॅनियम जास्त आलं तर माती राहिली आहे असं समजा, कारण ते मातीत असतं, पानात जवळजवळ नसतं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारलेलं असेल तर तांब्याच्या आकड्यापुढे तशी नोंद हवीच, ते धुऊन पूर्ण जात नाही.

किनाऱ्यालगतच्या बागेत आर्सेनिक जपून वाचा. यंत्र मूलद्रव्यं वस्तुमानावरून ओळखतं. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोरीन (35) यंत्राच्या प्लाझ्मातल्या (तप्त वायूतल्या) आर्गॉनला (40) चिकटतं, बेरीज 75, आणि आर्सेनिकचं वस्तुमानही 75. म्हणून शेवटच्या धुण्यात आम्ल राहू देऊ नका (त्यातही क्लोरीन असतं) आणि आर्सेनिक हेलियम मोडवरच मोजा, त्यात अशा जोड्या गाळल्या जातात.

प्रश्न (देवगड): ‘डायजेशन’ला (पूड आम्लात विरघळवणं) ‘पाचन’ लिहू का? आणि ‘ब्लँक’ला?

उत्तर (दापोली): ‘आम्लपाचन’ लिहा, नुसतं पाचन पोटाचं वाटतं. 65-70 अंशांवर वाळवून अकीकाच्या खलात कुटलेली 0.25 ग्रॅम पूड (स्टीलच्या ग्राइंडरमधून क्रोमियम, निकेल येतं), 5 मिलि नायट्रिक, 1 मिलि हायड्रोजन पेरॉक्साइड, मायक्रोवेव्हमध्ये 180-200 अंश. मग 50 मिलिपर्यंत विरळ करा आणि पुन्हा पाचपट, म्हणजे आम्ल दोन टक्क्यांवर येतं. एकूण हजारपट, यंत्रावरचा 1 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे वाळल्या पानात 1 मिलिग्रॅम प्रतिकिलो. दुसरी विरळणी हिशेबात धरायची राहिली की उत्तर एक पंचमांश येतं.

ब्लँक म्हणजे ‘कोरा नमुना’: पान सोडून बाकी सगळं तेच. त्यात जस्त दिसलं तर पावडरचे हातमोजे बघा, बोरॉन दिसलं तर काचेची भांडी.

उत्तर (वेंगुर्ले): एक राहिलं. कॅडमियम सापडलं नाही तर ‘शून्य’ लिहू नका. ‘शोधमर्यादेखाली’ (यंत्राला दिसू शकणाऱ्या किमान प्रमाणाहून कमी) लिहा आणि कंसात मर्यादा द्या, तीही हजाराने गुणून, वाळल्या पानाच्या हिशेबाने.