मदत हवी आहे: बव्हेरियात चौथीनंतर गिम्नाझियम की रेआलशुले?

नमस्कार मंडळी,

आम्ही जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, म्युनिकजवळ राहतो. मुलगी ग्रुंडशुलेच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या, चौथीत आहे. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशुले (दहावीपर्यंतची मधली शाळा) आणि मिटलशुले (मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा). ती दुसरीत असताना वर्षाच्या मध्यात भारतातून इथे आलो, त्यामुळे पहिलीपासून जर्मन शाळा तिला मिळाली नाही.

जानेवारीत शाळेकडून गुणांचा कागद आला: जर्मन ३, गणित २, परिसर अभ्यास ३. इथे १ म्हणजे सर्वांत चांगलं आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट. मेच्या सुरुवातीला जो दाखला मिळेल, त्यात याच तीन विषयांची सरासरी धरतात. २.३३ पर्यंत गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रेआलशुले आणि त्यापुढे मिटलशुले. आमची आत्ता बरोब्बर २.६६ होते. एका विषयात एक अंक सुधारला तर गिम्नाझियम, एक अंक घसरला तर मिटलशुले! दहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत हे इतक्या लवकर ठरावं, हे मला अजून पचत नाही. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे तिथल्या मुलांना आणखी दोन वर्षं मिळतात.

मला खरी काळजी परिसर अभ्यासाची आहे. गेल्या चाचणीत जलचक्राचं चित्र तिने बाणांसकट बरोबर काढलं. ढग कसे तयार होतात हे दोन वाक्यांत लिहायचं होतं, तिथे अडली आणि गुण गेले. घरी मराठीत विचारलं तर वाफ, ढग, पाऊस, परत नदी, सगळं घडाघडा सांगते. मग हे गुण नक्की कशाचे? विषयाचे की भाषेचे?

नवऱ्याचं म्हणणं, रेआलशुलेत शांतपणे शिकू दे. मलाही ते पटतं, पण गणितात तिला मनापासून गोडी आहे आणि वाट आत्ताच बंद होऊ नये असं वाटतं.

जाणकारांना विचारायचं ते असं. मातृभाषा जर्मन नसलेल्या आणि पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या मुलांना, गुण भाषेमुळे कमी पडले असतील आणि ती उणीव भरून निघण्यासारखी असेल, तर ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते असं वाचलं. ती कोणाला मिळाली आहे का? शाळा आपणहून देते की मागावी लागते? आणि प्रोबेउंटररिश्टला, म्हणजे त्या तीन दिवसांच्या प्रवेश-चाचणीला, मुलीला बसवावं का? तिला ताण येईल याची भीती वाटते.

प्रतिसाद

ताई, सवलत आपोआप मिळेल असं धरून चालू नका. वर्गशिक्षिकेची वेळ घ्या आणि मुलगी इथल्या शाळेत कधी आली ते लेखी द्या. निर्णय शाळेचा असतो आणि मुलगी कशासाठी पात्र आहे ते मेच्या दाखल्यातच लिहून येतं, म्हणून बोलायचं ते आत्ताच. जलचक्राचा तो पेपर सोबत न्या. तुम्ही इथे लिहिलंय तेच तो कागद दाखवतो.

प्रोबेउंटररिश्ट जर्मन आणि गणित या दोनच विषयांचा असतो. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ आले की पास. दोन्हीत ४ आले तर पालकांच्या इच्छेवर प्रवेश मिळतो. तुमच्या मुलीचं गणित चांगलं आहे, मी तर बसवेन. परिसर अभ्यास तिथे नसतोच.

रेआलशुलेला गेली तरी वाट बंद होत नाही, हे मी स्वतःच्या मुलावरून सांगतो. तिथे सातवीपासून गणित-विज्ञानाची शाखा निवडता येते, त्याने तीच घेतली. दहावीनंतर फाखओबरशुलेला, म्हणजे व्यवसायाशी जोडलेल्या उच्च माध्यमिक शाळेला, गेला. त्यासाठी जर्मन, इंग्रजी आणि गणित मिळून सरासरी ३.५ पर्यंत लागते. बारावीनंतर होखशुलेत, म्हणजे उपयोजित शिक्षण देणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थेत, प्रवेश मिळतो. तेरावी आणि दुसरी परकीय भाषा केली तर कुठल्याही विद्यापीठात जाता येतं. पाचवीत गुण चांगले पडले तर गिम्नाझियमला बदलही होतो, फक्त बहुतेक वेळा पाचवी पुन्हा करावी लागते.

शिक्षिका काय म्हणाल्या ते इथे नक्की लिहा. सवलतीला नाही म्हणाल्या तर कारण विचारून घ्या, पुढे काय करायचं ते त्यावरून बघू.