डाइव्ह कॉम्प्युटर: महाग एक घेऊ की साधे दोन? बॅकअप खरंच लागतो का? (लवकर सांगा)

लाटेवरचा
मंडळी, तीन आठवड्यांनी स्कूबा डाइव्हिंगची ट्रिप आहे आणि डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचा, खोली आणि वेळेवरून अंगातल्या नायट्रोजनचा हिशेब करून खाली अजून किती थांबता येईल ते सांगणारा) अजून ठरत नाहीये. आजवर भाड्याचाच वापरलाय. शेवटी दोन नावं उरलीत: शिअरवॉटर पेरेग्रिन आणि सूंटो झूप नोव्हो. पेरेग्रिन घेतला तर बॅकअप नाही. झूप घेतला तर दोन घेता येतील. बॅकअप खरंच लागतो की उगाच भीती घालतात? जुने धागे वाचून झालेत, कृपया तिकडे पाठवू नका.

प्रवाळ
रोज किती डाइव्ह? हवा की नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण)? सर्वांत खोल किती? बोटीवरच मुक्काम आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

तळठाव
पेरेग्रिन. मोठा रंगीत पडदा आहे, गढूळ पाण्यातही एका नजरेत वाचता येतो. बटणं दोनच, त्यामुळे हातमोज्यांनीही चालवता येतो. चार्जिंग वायरलेस असल्याने गंजायला बाहेर पिनाच नाहीत. ग्रेडियंट फॅक्टरचे (हिशेब किती कडक ठेवायचा त्याचे, आकडे लहान तितका कडक) तयार पर्याय मिळतात: ४५/९५, ४०/८५ आणि ३५/७५. मुख्य म्हणजे डेको (वर येताना घ्यावा लागणारा सक्तीचा थांबा) चुकला तरी तो रुसून बंद होत नाही, हिशेब दाखवतच राहतो. याला बॅकअप लागत नाही.

लाटेवरचा
@प्रवाळ आठवडाभर बोटीवर, रोज ३-४ डाइव्ह, नायट्रॉक्स. खोली नेहमीचीच.

प्रवाळ
नेहमीची म्हणजे १८ मीटर की ३०? नायट्रॉक्सवर हा फरक मोठा आहे. ३२ टक्के ऑक्सिजनला १.४ बार (ऑक्सिजनच्या दाबाची मर्यादा) धरून कमाल खोली ३३ मीटरच्या आसपास येते, ३६ टक्क्यांना २९च्या अलीकडेच थांबावं लागतं.
आणि @तळठाव, ‘लागत नाही’ कसं? बॅटरी, सेन्सर, बटण, पट्टा यांतलं काहीही कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरचं जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या डाइव्हमध्ये पडदा काळा झाला तर? डाइव्ह तिथेच संपवायची, मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग न ठेवता वर यायचं, ५ मीटरवर हवा पुरेल तितका वेळ थांबायचं, निदान ३ मिनिटं. त्यानंतर २४ तास पाण्यात उतरायचं नाही, कारण अंगात किती नायट्रोजन आहे ते सांगणारं आता कोणी नाही. बोटीवरच्या आठवड्यात याचा अर्थ चार डाइव्ह गेल्या. बॅकअप त्यासाठी.

जुनाटबूट
टेबल (कुठल्या खोलीवर किती वेळ थांबता येतं त्याचा छापील तक्ता), घड्याळ आणि डेप्थ गेज (खोलीमापक). ना बॅटरीची कटकट, ना अल्गोरिदमची. आम्हाला शिकवलं ते हेच.

प्रवाळ
घड्याळ आणि डेप्थ गेज जरूर ठेवावं, त्याने सुखरूप वर येता येतं. पण पुढची डाइव्ह टेबलवर करता येत नाही. टेबल अख्खा वेळ सर्वांत खोल बिंदूवर गेला असं धरतं. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २०. कॉम्प्युटरवर २८ मीटरपर्यंत जाऊन हळूहळू वर येत ५० मिनिटांची डाइव्ह केली की टेबलात तिला जागाच नाही. मग दुसऱ्या डाइव्हसाठी टेबलातला गट (अंगात किती नायट्रोजन उरलाय त्याचा) कुठला धरणार?

जुनाटबूट
मग डाइव्ह टेबलाप्रमाणेच आखावी. अडचण शिस्तीची आहे, यंत्राची नाही.

निळीशाई
लाटेवरचा, मूळ पेरेग्रिनमध्ये होकायंत्र नाही हे लक्षात असू द्या, ते पेरेग्रिन टीएक्स या वेगळ्या मॉडेलमध्ये आहे. झूप नोव्होमध्येही नाही. त्यामुळे द्रव भरलेलं साधं होकायंत्र वेगळं घ्याच. टॉर्च त्याच्या अगदी जवळ धरू नका, सुई हलते.

लाटेवरचा
होकायंत्र आहे माझ्याकडे, ते विचारलंच नव्हतं :) खोली २५ ते ३०. मग दोन झूप घेऊ का? सरळ सांगा.

प्रवाळ
सरळ उत्तर: तुमच्या ट्रिपला एका महागापेक्षा सारखे दोन साधे बरे.

तळठाव
सारखे दोन कशाला? एकाच अल्गोरिदमची चूक दोघांतही तशीच येईल. एक ब्युलमान अल्गोरिदमचा (पेरेग्रिन), एक आरजीबीएमचा (झूप), म्हणजे एकमेकांची खात्री.

प्रवाळ
इथे मी अजिबात सहमत नाही. वेगळे अल्गोरिदम खात्री देत नाहीत, वेगळे आकडे देतात. सलग डाइव्ह केल्या, मधली विश्रांती कमी पडली, नाहीतर आधी उथळ आणि मग खोल डाइव्ह केली की सूंटोचा आरजीबीएम वेळ कापतो. मुख्य कॉम्प्युटर १५ मिनिटं शिल्लक दाखवतोय आणि बॅकअप ४, अशा वेळी काय करणार? बहुतेक लोक मोठा आकडा धरतात. बॅकअप डेकोत जातो, त्याने सांगितलेला थांबा राहून जातो आणि झूपसारखे कॉम्प्युटर ४८ तास हिशेब बंद करून नुसते खोली आणि वेळ दाखवणारे गेज होऊन बसतात. आता तुमच्या हातावर लॉक झालेला बॅकअप आहे. उद्या मुख्य बंद पडला तर त्याचा काय उपयोग?
बॅकअप म्हणजे पहिल्या डाइव्हपासून सोबत असलेला आणि ज्याचं तुम्ही ऐकता असा कॉम्प्युटर. बॅगेत ठेवलेला मोजत नाही, त्याच्या लेखी तुम्ही आजच पहिल्यांदा पाण्यात उतरताय.

तळठाव
मुख्य कॉम्प्युटर कडक ठेवला की हा प्रश्न फारसा येत नाही. पेरेग्रिन ३५/७५ वर, झूप पी० (त्यातलं सर्वांत कमी कडक सेटिंग) वर. मग बहुतेक वेळा पेरेग्रिनच आधी थांबवेल.

प्रवाळ
बहुतेक वेळा, हो. तेवढं मान्य. तरीही दोन्ही बघायचे आणि जो कमी वेळ देईल त्याचं ऐकायचं.

खेकडा
ट्रान्समीटरचा विचार करा. टाकीचा दाब मनगटावर दिसतो, हवा किती पुरेल तेही कळतं.

निळीशाई
करा, पण फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) दुसऱ्या एचपी (जास्त दाबाच्या) पोर्टला साधा काटेवाला गेज असू द्या. ट्रान्समीटरची बॅटरी वेगळी असते, ती संपली किंवा जोडणी तुटली की दाबाचा आकडा गायब. मूळ पेरेग्रिनला ट्रान्समीटर जोडता येत नाही, झूप नोव्होलाही नाही. म्हणजे इथे तो प्रश्नच नाही.

लाटेवरचा
एक राहिलं सांगायचं. मित्राकडे झूप नोव्हो पडून आहे, तो देतोय. मग पेरेग्रिन नवा आणि तो बॅकअप, चालेल ना?

प्रवाळ
हे आधी सांगायला हवं होतं! चालेल, पण घेण्याआधी हे बघा.
मित्राने त्यावर शेवटची डाइव्ह कधी केली? अलीकडे केली असेल तर त्याच्या अंगातला नायट्रोजन तुमच्या नावावर दिसेल. नो-फ्लाय (विमानात बसण्याआधी थांबायचा उरलेला वेळ) शून्यावर आला की झालं.
सेटिंग बघा. पी० आहे की पी२ (सर्वांत कडक)? उंची समुद्रसपाटीची आहे का? मित्राने तो डोंगरातल्या तलावासाठी बदललेला असू शकतो.
गेज मोडमध्ये चुकूनही डाइव्ह करू नका. त्यानंतर बरेच कॉम्प्युटर २४ ते ४८ तास डेकोचा हिशेब देत नाहीत.
आणि प्रत्येक टाकी तपासल्यावर मिश्रणाची टक्केवारी दोन्हींवर टाका. एकावर ३२ आणि दुसऱ्यावर २१ राहिलं की डाइव्हभर दोघांचे आकडे जुळणार नाहीत आणि तुम्ही कॉम्प्युटरला दोष द्याल.

लाटेवरचा
बॅटरी बदलावी का? ‘बॅटरी लो’ दिसत नाहीये.

निळीशाई
पडून राहिला असेल तर निघण्याआधी बदलाच, ट्रिपच्या मध्ये नको. बॅटरी काढली की नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. सेल सीआर२४५०. नव्या सेलच्या दोन्ही बाजू एकदम बोटांत धरू नका, कडेने उचला. झाकणाची जुनी ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) टाकून नवी बसवा, त्याआधी खाच कोरड्या कपड्याने पुसून उजेडात नीट बघा. एक केस आडवा राहिला तरी पाणी शिरतं. सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा, रिंग चमकली की पुरे. झाकण लावल्यावर अर्धा तास पाण्यात ठेवा, काढून कोरडा करा आणि काचेच्या आतून धुकं आलंय का ते बघा.

तळठाव
आणि घालताना दोन मनगटांवर दोन. बॅकअप बीसीडीच्या (तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) खिशात ठेवला तर डाइव्ह नोंदली जाईल, पण तो वाजला तरी ऐकू येणार नाही.

लाटेवरचा
मित्राने शेवटची डाइव्ह मागच्या महिन्यात केलीय. सेटिंग पी२ वर आहे, उंचीचं आज रात्री बघून सांगतो.