प्रतिसाद: मुलांच्या हातात कॅमेरा

वर एकांनी विचारलंय की मुलांनी मोबाइलवर काढलेले फोटो संशोधनात कसे धरायचे, ती तर मनाला येईल ते टिपणार. अहो, आकड्यांपेक्षा माणसांचे अनुभव समजून घेणाऱ्या गुणात्मक संशोधनाला तेच तर हवं असतं! फोटो समोर ठेवून मुलाखत घ्यायची पद्धत मानववंशशास्त्रज्ञ जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्येच मांडली. पुढे १९९०च्या दशकात संशोधक कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनानमधल्या ग्रामीण बायकांच्याच हाती आपलं जगणं टिपायला कॅमेरे दिले, तीच 'फोटोव्हॉइस' पद्धत.

आमच्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका शाळेत 'अभ्यास कुठं करतोस?' एवढंच विचारून फोटो मागवले होते. एका पोरानं गुऱ्हाळातल्या, उसाचा रस उकळायच्या काहिलीचा फोटो काढून आणला. सगळीकडं वाफ, कोपऱ्यात पोत्यावर उघडी वही. विचारल्यावर म्हणाला, "सर, बा चुलवाणात चिपाडं सारतोय, मी उजेडाला बसतोय." प्रश्नावलीच्या कुठल्या रकान्यात बसवणार हे? म्हणून फोटोइतकंच त्यावरचं मुलाचं बोलणं जपा. नुसत्या फोटोवरून आपण आपल्याच मनातलं वाचतो.

बोलणं मजकुरात उतरवणारी ॲप्स वापरा, पण आपल्या बोलीचा ती पार चुथडा करतात. रेकॉर्डिंग ऐकून हातानं दुरुस्त करण्याला पर्याय नाही.

संमतीचं मात्र हलक्यात घेऊ नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितलीय. शिवाय फोटोच्या मूळ फाइलमध्ये ठिकाणाची नोंद राहू शकते, ती आधी काढा. आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे फोटो टाकायचा मोह कृपया आवरा.