एवोकॅडो पिकतच नाही राजेहो

भाचीनं नागपूरवरून एवोकॅडो आणले, कवठासारखे टणक, फ्रिजात ठेवले तरी तसेच हायेत. आंब्याच्या माचात टाकू का?

> फ्रिजातून काढा ना भाऊ आधी! थंडीत पिकणं अडते. हे फळ झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच नरम पडते. पिकल्या केळासोबत कागदी पिशवीत बांधून ठेवा, केळाचा इथिलीन गॅस लागला का होते काम

> तणसात दाबलं तरी जमते पण रोज पाहा लागते. देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबा, दबलं का झालं, मंग ठेवा फ्रिजात. अन् कार्बाइड नका लावू बरं, बंदी हाय त्याच्यावर

> साली कोंबड्यायले टाकू नका, पाखरायले बाधते हे फळ

> बरं झालं सांगतलं, आमच्या घरी सगळं कोंबड्यायलेच जाते 😀