शनिवारचा हरिपाठ वर्ग आणि क्लबहाऊसची चावी

वैशाली बी-३०२: नमस्कार. कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण काल परत साडेसातपर्यंत टाळ चालू होते. माझ्या मुलाची दहावी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. गणपतीतच ठरलं होतं ना, सातला बंद?

मोहिते काका ए-१०४: वर्ग चांगलाच आहे. पण क्लबहाऊसचं भाडं तासाला २०० आहे. ते कोण भरतंय?

सुमन काकू सी-२०१: वैशाली, चुकलं गं माझं. सातला थांबणार होते, पण पोरं पावली सोडायला तयार होईनात.

रोहित बी-५०१: काकू, ११ जोड टाळ आणि वर आमची डक्ट. वर्गाला न येताच माझा निम्मा हरिपाठ पाठ झालाय 😄

वैशाली बी-३०२: तुला हसू येतंय. तुझ्या घरी दहावी नाही.

रोहित बी-५०१: दात येणारं बाळ आहे ताई. ते फक्त टाळातच झोपतं.

मोहिते काका ए-१०४: मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. भाडं?

कुलकर्णी (सेक्रेटरी): काका, मुलांच्या उपक्रमाला भाडं नाही. मिनिट्समध्ये आहे.

मोहिते काका ए-१०४: मग नातीच्या वाढदिवसाला माझ्याकडून का घेतलं? ती काय म्हातारी आहे?

कुलकर्णी (सेक्रेटरी): काका 🙏

सुमन काकू सी-२०१: विषय निघालाच आहे तर सांगते. वर्ग बंद करावासा वाटतोय. आवाजामुळे नाही. काल सी-४०४ चा छोटा म्हणाला, "आबा रोज हरिपाठ म्हणायचे, तरी का गेले?" टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होता, वर बघेना. मला काही सुचलंच नाही. म्हटलं, "मलाही नाही रे ठाऊक." शिकवणाऱ्याने असं बोलायचं असतं का? मी कुठे आळंदीला शिकलेय! माळ घातली तीही पन्नाशीनंतर.

देशपांडे सर ए-३०१: ताई, जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती कीर्तनकार घडवायला. इथे कुणाला कीर्तन करायचंय? चालू ठेवा. फक्त तुमच्या झेरॉक्सवर २७ अभंग आहेत, ते २८ हवेत.

पाटील बी-१०२: २७ च सर. शेवटचा फलश्रुतीचा, तो मोजत नाहीत.

देशपांडे सर ए-३०१: त्या शेवटच्यातच "असती अठ्ठावीस" म्हटलंय. "रचिले विश्वासें". आता ज्ञानदेवांचं ऐकू की पाटलांचं?

पाटील बी-१०२: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिशोब इतका चोख मोजला असतात तर बरं झालं असतं.

रोहित बी-५०१: 🍿

नेहा सी-४०४: काकू, मी आत्ता वाचलं. काल घरी येऊन म्हणाला, "काकूंनापण माहीत नाहीये." आबा गेल्याला चार महिने झाले, त्यांचं नाव काढलं की उठून जायचा. काल जेवताना आपणहून बोलत बसला. आज सकाळी माळ्यावरून त्यांचे टाळ काढायला लावले. प्लीज बंद करू नका.

मोहिते काका ए-१०४: भाडं?

सुमन काकू सी-२०१: नेहा, रात्रभर पांडुरंगाशी भांडत होते गं, मला कशाला पुढे केलंस म्हणून. बरं. येते मी शनिवारी. सतरंजी घालीन, पोरांना बसवीन, पुढचं त्याचं तो बघेल. वैशाली, पावणेसातलाच थांबवते.

वैशाली बी-३०२: पावणेसात नको काकू, सातच. फक्त परीक्षा होईपर्यंत टाळांऐवजी टाळ्या वाजवा. नंतर हवे तेवढे टाळ. माझापण येईल, तेवढाच तासभर मोबाइल सुटेल.

कुलकर्णी (सेक्रेटरी): ठरलं मग. क्लबहाऊसची चावी वॉचमनकडे मिळेल.

रोहित बी-५०१: चावी मोहिते काकांकडे आहे. वाढदिवसापासून.

मोहिते काका ए-१०४: भाड्याची पावती मिळाली की देतो.