बसवकल्याण : किल्ल्यापलीकडचं

एकांनी लिहिलंय की बसवकल्याणला किल्ला आणि अनुभव मंटप (बसवेश्वर आणि शरणांचं सभास्थान) सोडून बघण्यासारखं काही नाही. बघण्याचं सोडा, या गावातून निघालेलं किती आपल्या घरात नांदतंय! बिदर जिल्ह्यातलं, उमरगा ओलांडलं की लागणारं हे कल्याण चालुक्यांची राजधानी होतं. सहाव्या विक्रमादित्याच्या (1076 ते 1126) पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृती या जुन्या धर्मशास्त्रग्रंथावर 'मिताक्षरा' ही टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मानेच हक्क, हे तिचं तत्त्व. बंगालकडचा दायभाग (वारसाहक्काची वेगळी परंपरा) सोडला तर जवळजवळ सगळ्या देशात हिंदूंच्या वारसाहक्काचा निवाडा शतकानुशतकं तिच्याच आधारे होत आला. आपल्याकडे बांधावरून भांडणारे भाऊही नकळत कल्याणचंच नाव घेत होते म्हणा ना.

विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याच्या 'मानसोल्लास' (1129) या संस्कृत ग्रंथात हत्ती, रत्नं, संगीत तर आहेच, पण मांडे आणि इडलीचा पूर्वज 'इड्डरिका'सुद्धा आहे. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे त्यातल्या मराठी ओळी! ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी कन्नड राजाच्या ग्रंथात आपली भाषा गायली जात होती. पुढच्या वेळी गेलात तर नारायणपूरचं शिवमंदिरही चुकवू नका.