डेव्हिस कपच्या झोनच्या फेऱ्या: विभाग, ग्रुप ३ चा तक्ता आणि दुसऱ्या दिवशीचे बदल

नेटकॉर्ड (प्रश्न)

डेव्हिस कपचे (देशांच्या पुरुष संघांची टेनिस स्पर्धा) जुने-नवे निकाल एकत्र वाचताना काही गोष्टींचा मेळ बसत नाही. जाणकारांनी समजावून सांगावे.

पहिली गोष्ट, 1974 च्या निकालांत ऑस्ट्रेलिया पूर्व विभागात दिसतो ते ठीक, पण दक्षिण आफ्रिका अमेरिका विभागात कसा? दुसरी, हल्लीच्या 'वर्ल्ड ग्रुप १' या नावावरून तो सर्वात वरचा गट वाटतो, पण त्यात जिंकलेला संघ पुन्हा पात्रता फेरी खेळताना दिसतो. तिसरी, ग्रुप ३ मध्ये दोन्ही एकेरी जिंकून लढत (दोन देशांमधले सगळे सामने मिळून एक लढत) खिशात घातल्यावरही दुहेरी का खेळवतात? आणि शेवटची, दोन दिवसांच्या लढतीत पहिल्या दिवशी हरलेल्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी बाहेर बसवता येते का?

गवताचं_कोर्ट

विभागांबद्दल सांगतो. 1923 पासून अमेरिका आणि युरोप असे दोन विभाग होते, 1955 मध्ये पूर्व विभाग आला. पुढे युरोपचे आणि अमेरिकेचेही तुकडे पडले. पण विभाग म्हणजे नकाशावरचा खंड, असे त्या काळी नव्हते. 1966 मध्ये ब्राझील युरोप विभागातून वर आला आणि आंतरविभागीय फेरीत त्याने अमेरिकेला हरवले. 1974 मध्ये दक्षिण आफ्रिकेला अमेरिका विभागात घातले होते. त्यामुळे जुना तक्ता वाचताना देशाचे नाव पाहून विभाग ठरवू नका, त्या वर्षीचा ड्रॉच (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) पाहा.

दुसरा फरक याहून मोठा. 1971 पर्यंत 'चॅलेंज राउंड' होती. आदल्या वर्षीचा विजेता वर्षभर खेळायचाच नाही. बाकीच्यांनी विभाग जिंकायचा, मग विभागविजेत्यांनी आपसांत खेळायचे, आणि जो उरेल त्याने विजेत्याच्या घरी जाऊन आव्हान द्यायचे. 1966 मध्ये भारताने कलकत्त्यात ब्राझीलला हरवले ती आंतरविभागीय अंतिम लढत. निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णन थॉमस कॉकविरुद्ध 1-2 सेट आणि चौथ्या सेटमध्ये 2-5 असे मागे होते, तिथून जिंकले. त्यानंतर मेलबर्नला ऑस्ट्रेलियाशी झाली ती चॅलेंज राउंड. 1972 पासून ती बंद झाली, म्हणून 1974 मध्ये सगळे एकाच रांगेत दिसतात.

1974 ची पूर्व विभागाची अंतिम लढतही कलकत्त्यातच झाली. भारताने ऑस्ट्रेलियाला 3-2 हरवले आणि पाच सामन्यांत मिळून 327 गेम झाले. तेव्हा डेव्हिस कपमध्ये टायब्रेक (6-6 झाल्यावर सेट संपवणारा गेम) नव्हता. तो 1989 मध्ये आला, तोही पाचवा सेट वगळून. पाचव्या सेटला टायब्रेक मिळाला थेट 2016 मध्ये. जुन्या निकालांत 17-15 असे सेट दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. त्या वर्षी भारताने सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठली आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला. अंतिम फेरी न खेळता करंडक दिला गेला तो एवढाच.

ड्यूस_कोर्ट

'वर्ल्ड ग्रुप १' चा घोळ नावामुळे होतो. 1981 ते 2018 'वर्ल्ड ग्रुप' म्हणजे खरोखर अव्वल 16 संघ होते आणि त्याखाली आशिया-ओशनिया, अमेरिका, युरोप-आफ्रिका या झोनचे ग्रुप १, २ वगैरे. 2019 मध्ये वरचा मजला बदलला आणि फायनल्स व पात्रता फेरी आली. त्यानंतर झोनचे ग्रुप १ आणि २ मोडून वर्ल्ड ग्रुप १ व २ केले. झोन उरले ते ग्रुप ३ आणि त्याखाली. म्हणजे आजचा वर्ल्ड ग्रुप १ हा पात्रता फेरीच्या खालचा मजला आहे.

चढउतार कसा होतो ते भारताच्या मार्गावरून चटकन कळेल. फेब्रुवारी 2023 मध्ये डेन्मार्ककडून वर्ल्ड ग्रुप १ ची प्ले-ऑफ (गटात कोण राहणार ते ठरवणारी लढत) हरल्यावर भारत वर्ल्ड ग्रुप २ मध्ये गेला. सप्टेंबरमध्ये लखनौला मोरोक्कोला हरवले, त्यामुळे ग्रुप १ ची प्ले-ऑफ मिळाली. फेब्रुवारी 2024 मध्ये इस्लामाबादला पाकिस्तानवर 4-0, म्हणून ग्रुप १. सप्टेंबरमध्ये स्टॉकहोमला स्वीडनकडून 0-4, म्हणून परत प्ले-ऑफ. फेब्रुवारी 2025 मध्ये टोगोवर 4-0, पुन्हा ग्रुप १. सप्टेंबर 2025 मध्ये बीलला स्वित्झर्लंडवर 3-1, आणि तिथून 2026 ची पात्रता फेरी.

थोडक्यात, साधारणपणे फेब्रुवारीत प्ले-ऑफ आणि सप्टेंबरमध्ये गटाची लढत. एका वर्षात दोनच लढती, आणि प्रत्येक निकालाने मजला बदलू शकतो. एकच वाईट आठवडा संघाला वर्षभर मागे नेतो, हे या रचनेचे सगळ्यात कठोर अंग आहे असे माझे मत.

दुसरी_सर्व्ह

ग्रुप ३ वर सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोक तक्ता चुकीचा वाचतात.

तिथे घर-परदेश अशा लढती नसतात. सगळे संघ एका शहरात जमतात, साधारण आठवडाभर गटवार साखळी चालते, मग बढतीच्या लढती. एका लढतीत तीन सामने: आधी दोन्ही संघांच्या दोन नंबरच्या खेळाडूंची एकेरी, मग एक नंबरच्या, शेवटी दुहेरी. सगळे तीन सेटचे.

क्रमवारी आधी जिंकलेल्या लढतींवर लागते. दोन संघ बरोबरीत असतील तर त्यांच्या आपसातल्या लढतीचा निकाल. तीन संघ बरोबरीत असतील तर जिंकलेल्या सामन्यांचे प्रमाण, मग सेटचे, मग गेमचे, आणि शेवटी डेव्हिस कप क्रमवारी. या वाटेत कुठेही दोनच संघ बरोबरीत उरले की परत आपसातला निकाल.

आता दुहेरी का खेळवतात ते आकड्यांतच बघा. समजा गटात अ, ब, क, ड असे चार संघ आहेत. अ ने ब ला 2-1, ब ने क ला 3-0, क ने अ ला 2-1 हरवले. ड सगळ्यांकडून हरला: अ कडून 0-3, ब कडून 1-2, क कडून 0-3. अ, ब, क तिघांच्याही दोन-दोन लढती जिंकलेल्या. सामने मोजले तर अ चे 6, ब चे 6, क चे 5. क तिसरा. अ आणि ब बरोबरीत, आपसात अ जिंकलेला, म्हणून अ पहिला, ब दुसरा.

आता एकच गोष्ट बदला. ब विरुद्ध 0-2 ने लढत गेल्यावर क ने ती 'निरर्थक' दुहेरी जिंकली असे धरा. ब चे 5 होतात, क चे 6. अ आणि क बरोबरीत, आपसात क जिंकलेला. म्हणजे क पहिला, आणि आधी दुसरा असलेला ब तिसरा! एका दुहेरीने तिन्ही जागा हलल्या.

म्हणून ग्रुप ३ मध्ये अनुभवी कर्णधार 0-2 झाल्यावरही दुहेरीत सहजासहजी राखीव जोडी उतरवत नाही. मात्र त्याला दुसरीकडे किंमत मोजावी लागते. छोट्या देशांकडे बहुधा दोनच भरवशाचे खेळाडू असतात. तेच एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोर्टवर. साखळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटऱ्यांत पेटके येणे, पहिल्या सर्व्हचा वेग उतरणे हे इथे नेहमीचे. बढतीची लढत सगळ्यात शेवटी असते आणि नेमकी तिथेच ही दमछाक भोवते.

नेटकॉर्ड

उदाहरणाने डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आभार. पण मग 0-2 झाल्यावर एखाद्या संघाने दुहेरी सोडूनच दिली तर?

दुसरी_सर्व्ह

प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात 6-0, 6-0 जमा होते. 2019 च्या माद्रिद फायनल्समध्ये हेच झाले. कॅनडाने अमेरिकेविरुद्धची दुहेरी सोडली आणि अमेरिकेला न खेळता पूर्ण सेट-गेम मिळाले. तिथे गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना सेट आणि गेमवर व्हायची होती, त्यामुळे कोर्टवर नसलेल्या इतर संघांवरही परिणाम होऊ शकत होता. सोडणाऱ्याचे नुकसान थोडे, तिसऱ्याचे जास्त. माझ्या मते साखळीत ही पळवाट असूच नये.

बॅकहँड_स्लाइस

दोन दिवसांच्या लढतीचे राहिले. क्रमवारीनुसार दोन्ही संघांत एक आणि दोन नंबर ठरतात. पहिल्या दिवशी एक विरुद्ध दोन अशा दोन एकेरी, कोणती आधी ते आदल्या दिवशीच्या ड्रॉमध्ये. दुसऱ्या दिवशी आधी दुहेरी, मग एक विरुद्ध एक, शेवटी दोन विरुद्ध दोन. तेव्हाच्या झोन ग्रुप १ आणि २ मध्ये 2018 पासून हे सगळे दोन दिवसांत, तीन सेटचे झाले. त्याआधी तीन दिवस आणि पाच सेट.

बदल करता येतो. कर्णधार संघातल्या दुसऱ्या खेळाडूला दुसऱ्या दिवशीच्या एकेरीत किंवा दुहेरीत, सामना सुरू होण्याआधी ठरलेल्या मुदतीत उतरवू शकतो. एप्रिल 2018 मध्ये तिआनजिनला चीनविरुद्ध भारत पहिल्या दिवशी 0-2 मागे होता. दुहेरी पेस-बोपण्णांनी जिंकली, तो पेसचा डेव्हिस कपमधला 43 वा दुहेरी विजय आणि विक्रम. मग रामकुमारने वू डीला हरवले आणि आदल्या दिवशी हरलेल्या सुमित नागलच्या जागी आलेल्या प्रज्ञेशने पाचवा सामना काढला. लढत 3-2. ताजा खेळाडू राखून ठेवण्याचा उपयोग असा होतो.

एक मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तो सगळ्यांत मोठा आहे: यजमानपद. मागच्या वेळी ज्याच्या घरी खेळले, त्याने पुढच्या वेळी बाहेर जायचे. ठरावीक काळात दोघे भेटलेच नसतील तर चिठ्ठी टाकतात. यजमान कोर्टाचा पृष्ठभाग आणि छताखाली की उघड्यावर ते ठरवतो. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, घसरतो, क्लेवर (मातीच्या कोर्टवर) वाढलेल्याला गुडघे वाकवून खेळावे लागते. मार्च 2022 मध्ये दिल्लीच्या हिरवळीवर भारताने डेन्मार्कला 4-0 हरवले ते यामुळेही. पण फेब्रुवारी 2019 मध्ये कलकत्त्याच्या हिरवळीवर इटली 3-1 जिंकून गेला. समोरच्याची सर्व्ह जड असेल तर वेगवान कोर्ट त्याच्याच पथ्यावर पडते.

उंचीही यजमानाचेच हत्यार. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटरवर आहे. विरळ हवेत चेंडू कमी मंदावतो आणि टॉपस्पिनने खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे नेहमीचा फटका बेसलाइनच्या बाहेर पडतो. 1,219 मीटरच्या वर खेळायला नियमांत वेगळ्या प्रकारचे चेंडू दिले आहेत, तरी सवय नसलेल्याला तारा जास्त ताणून घ्याव्या लागतात आणि सर्व्हची उसळी नव्याने ओळखावी लागते. 1974 मध्ये अमेरिकेचा संघ याच बोगोटात कोलंबियाकडून हरून अमेरिका विभागातून बाहेर पडला होता.

जाता जाता, 4-0 असा निकाल दिसला की तीन सामन्यांतच लढत संपली, चौथा औपचारिक झाला आणि पाचवा खेळलाच नाही असे समजावे. 3-1 दिसला तर बहुधा चौथ्या सामन्याने निकाल लावला.